गव्हाची जहाजे आणि पगारातले दोनशे रुपये

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशांना मिळणाऱ्या विकास-साहाय्याला नव्वद दिवसांची स्थगिती देणारा आदेश काढला. मार्चमध्ये 'यूएसएड' या संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर झाले. केनेडींच्या काळात, १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था १ जुलै २०२५ रोजी स्वतंत्र संस्था म्हणून संपुष्टात आली. त्या सहा महिन्यांत आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात या विषयावर जेव्हा जेव्हा बोलणे निघाले, तेव्हा तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू आले. "बरेच झाले. आपले नाही का झाले? जॉन्सनने गहू अडवला, म्हणून आपल्याकडे हरितक्रांती झाली. आता तेही देश हातपाय हलवतील."

हे बोलणारी माणसे दुष्ट नव्हेत. शाळेच्या पुस्तकात वाचलेली आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट ती प्रामाणिकपणे पुढे सांगत होती. ती गोष्ट आम्हीही वर्गात सांगितली आहे. परंतु याच निमित्ताने ती पुन्हा नीट वाचून पाहिली, तेव्हा आम्हांस असे दिसले की, गोष्टीचा अर्धाच भाग आपण लक्षात ठेवला आहे. जो अर्धा भाग विसरलो तो आपल्याच महाराष्ट्रात घडला होता, आणि त्याची एक खूण आम्हा नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा उमटत असते.

आम्ही भाषेची माणसे. अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. भाषेच्या माणसांना शब्दांवरून इतिहासाकडे जाण्याची खोड असते, तेव्हा तेथूनच सुरुवात करू. परदेशी धान्याच्या त्या कालखंडाने मराठीत काही शब्द मागे ठेवले. 'मिलो' हा त्यांतला सर्वांत बोलका. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ही तांबडी परदेशी ज्वारी. आमच्यापैकी एकाची आई त्या वेळी सतरा वर्षांची होती. मिलोची भाकरी कशी लागायची असे विचारले की ती अजूनही प्रथम तोंड वाकडे करते आणि मग म्हणते, "पण होती." दुसरा शब्द 'काँग्रेस गवत'. हे गाजर गवत अमेरिकी गव्हाच्या पोत्यांतून आले, अशी लोकांची ठाम समजूत. ते गव्हाबरोबरच आले की त्याआधीच येथे होते, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण लोकांनी त्या नावात एका राज्यकर्त्या पक्षावरचा आणि एका परक्या धान्यावरचा राग एकत्र बांधून ठेवला आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. तिसरा शब्द 'शास्त्री सोमवार'. त्याविषयी पुढे येईलच.

आता मूळ गोष्ट. अमेरिकेत १९५४ साली एक कायदा झाला. त्याचा क्रमांक ४८०, म्हणून 'पी. एल. ४८०'. अमेरिकी शेतकऱ्यांकडे साठून राहिलेले धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकावे, अशी त्याची योजना. भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार केला. डॉलर मोजावे लागत नव्हते. रुपये द्यायचे, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हायचे आणि त्यांतला मोठा भाग कर्ज वा अनुदानरूपाने पुन्हा भारत सरकारलाच मिळायचा. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला याहून सोयीचे काय असणार? मे १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे या मालिकेतला मोठा करार झाला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. अमेरिकेच्या वतीने खुद्द राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही केली आणि भारताच्या वतीने अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. मुंबईच्या राजकारणावर वर्षानुवर्षे हुकमत गाजविणारे हे कोकणातले गृहस्थ.

त्या गव्हाने शहरांतील रेशनची दुकाने चालविली, भाव ताब्यात ठेवले. मात्र त्याच स्वस्त गव्हामुळे आपल्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळेनासा झाला आणि शेतीकडे लक्ष देण्याची सरकारची निकडही ओसरली, असा आक्षेप त्या काळीच घेतला जाऊ लागला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने याचा स्वतंत्र अभ्यास केला होता. नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांचा या विषयावरील ग्रंथ १९६७ सालचा आहे. म्हणजे वाद जुनाच. मदत हवी की नको, हा प्रश्न मदत चालू असतानाच विचारला जात होता.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या विषयाशी निगडित आहे. अमेरिकेच्या खात्यावर साठलेल्या त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठविण्यात येऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आपल्याकडील तालुक्याच्या वाचनालयात आज न सापडणारी साठच्या दशकातील एखादी कादंबरी शिकागोच्या कपाटात सुस्थितीत उभी असते, ती त्या गव्हाच्या कृपेने. देणाऱ्याच्या गोदामातला माल उतरतो, घेणाऱ्याच्या घरातूनही काही ना काही जाते. मदत ही एकतर्फी वस्तू कधीच नव्हती.

१९६५ च्या जूनमध्ये जुन्या कराराची वाढीव मुदत संपली. नवा दीर्घ मुदतीचा करार करण्यास अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नकार दिला. सप्टेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटले आणि अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबविली, नव्या आर्थिक साहाय्यालाही खीळ घातली. गव्हाच्या बाबतीत जॉन्सन यांनी एक निराळीच पद्धत अवलंबिली. महिन्या-दोन महिन्यांपुरते धान्य मंजूर करायचे आणि पुढचे काय ते पुढे पाहू म्हणायचे. गाय दाव्याला बांधावी, पण दावे आखूड ठेवावे, तसे. भारताने शेतीवरचा खर्च वाढवावा, खतांच्या कारखान्यांत परकीय भांडवलाला वाट द्यावी, इतर श्रीमंत देशांनीही भार उचलावा आणि व्हिएतनामविषयी दिल्लीने जरा जपून बोलावे, असे अनेक हेतू त्यात मिसळलेले होते. जहाजे कधी सुटतात याकडे ते स्वतः लक्ष ठेवीत. आपल्याकडे त्या काळाचे वर्णन 'जहाजातून थेट तोंडात' असे केले जाई, ते अक्षरशः खरे होते.

नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९४ लाख टन अन्नधान्य पिकले होते. १९६५-६६ मध्ये ते ७ कोटी २३ लाख टनांवर आले, आणि त्यापुढचे सालही जवळजवळ तसेच गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळ, सोमवारी संध्याकाळी, न जेवण्याचे आवाहन केले. तोच 'शास्त्री सोमवार'. सोमवार हा आधीच शंकराचा वार, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हे व्रत सहज रुजले. काही वडीलधारी मंडळी पुढे कितीतरी वर्षे सोमवारी रात्री जेवत नसत. विचारले तर काही जण देवाचे नाव सांगत, काही जण शास्त्रीजींचे.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. यानंतर ती एकदम उडी मारते. मेक्सिकन गहू येतो, पंजाब हिरवागार होतो, देश स्वावलंबी होतो. ही जी उडी आहे तिच्या खाली काय काय आहे, ते आपण पाहत नाही.

पहिली गोष्ट ही की, मदत त्या वेळी तुटली नव्हतीच. दावे आखूड झाले होते, सुटले नव्हते. १९६६ या एका वर्षात भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले आणि त्याचा मोठा वाटा अमेरिकेचाच होता. ज्या वर्षी गहू 'अडवला' म्हणून आपण सांगतो, त्याच वर्षी तो सर्वाधिक आला. अपमान खरा होता, अनिश्चितता खरी होती, परंतु जहाजे येत होती. ती खरोखरच थांबली असती तर हरितक्रांतीची वाट पाहायला किती जण उरले असते?

दुसरी गोष्ट ही की, जे उत्तर आपण १९६६-६७ मध्ये दिले त्याची तयारी गहू अडण्याआधीच सुरू झाली होती. नॉर्मन बोरलॉग १९६३ साली भारतात येऊन गेले. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी बुटक्या जातींच्या गव्हावर काम करीत होते. जून १९६४ मध्ये शास्त्रींनी सी. सुब्रमण्यम यांना पोलाद खात्यातून उचलून अन्न व शेती खाते दिले. अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग ही दोन्ही १९६५ च्या जानेवारीतली. बियाणे, खत, पाणी, भाव आणि खरेदी ही साखळी मनात तयार असलेला मंत्री खुर्चीवर बसलेला होता. त्याला मंत्रिमंडळातून विरोध झाला. खतांवर परकीय चलन उधळणे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना मान्य नव्हते, आणि डाव्यांना ही सगळी परावलंबनाची नवी तऱ्हा वाटत होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात जो गुप्त समझोता झाला, त्यात अमेरिकेने घातलेल्या अनेक अटी सुब्रमण्यम यांच्या स्वतःच्याच योजनेत आधी लिहिलेल्या होत्या. बाहेरच्या दडपणाने त्यांना घरातल्या विरोधावर मात करता आली, एवढे श्रेय त्या दडपणाला जरूर द्यावे. पण दडपणाने योजना निर्माण केली नाही.

तिसरी गोष्ट जरा अवघड जाणारी आहे. ती तयारीसुद्धा बऱ्याच अंशी परकीय साहाय्यावर उभी होती. मेक्सिकोतील ज्या संशोधनातून ते गहू निघाले, त्यामागे रॉकफेलर फाउंडेशन होते. १९६०-६१ पासून निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या सघन शेती कार्यक्रमामागे फोर्ड फाउंडेशन होते. पंतनगरचे कृषी विद्यापीठ १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने उभे राहिले. म्हणजे मदत आखडली गेली तेव्हा आपण जे उत्तर दिले, ते आधीच्या मदतीतून घडलेले होते. गव्हाची पोती खाऊन संपली. माणसे आणि संस्था उरल्या. मदतीचे मोजमाप करायचे झाल्यास या फरकाने करावे, असे आम्हांस वाटते.

आणि चौथी गोष्ट किमतीची. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आले, १९६७ चा पाऊस चांगला झाला, आणि १९६७-६८ मध्ये गव्हाचे पीक १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. जुलै १९६८ मध्ये 'गहू क्रांती'चे टपाल तिकीट निघाले. पण त्या तिकिटावर जे नव्हते तेही सांगितले पाहिजे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. त्याबदल्यात ज्या मदतीची आशा दाखविण्यात आली होती ती पुढे पुरती आलीच नाही. बिहारमध्ये सलग दोन पावसाळे हुकले, एप्रिल १९६७ मध्ये तेथे अधिकृतपणे दुष्काळ जाहीर करावा लागला आणि जयप्रकाश नारायण यांनी मदतकार्याची धुरा उचलली. खुद्द सुब्रमण्यम १९६७ ची निवडणूक हरले. ज्याने पेरले त्याला कापणीच्या वेळी लोकांनी घरी बसविले होते. नवी बियाणी पाण्याच्या आणि खताच्या प्रदेशात वाढली. आमच्या माणदेशाच्या किंवा मराठवाड्याच्या कोरडवाहू ज्वारीला त्यांचा काही उपयोग नव्हता.

याच ठिकाणी गोष्ट पंजाबातून महाराष्ट्रात येते.

१९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यावर केलेल्या भाषणाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशा आशयाचे ते बोलले होते. त्या काळची हवा त्यात दिसते. परक्या गव्हाची लाज प्रत्येक राज्यकर्त्याला टोचत होती. राज्यात संकरित ज्वारीचे प्रयोग झाले, कृषी विद्यापीठ निघाले. तरीही १९७० पासून ओळीने तीन वर्षे पाऊस हुकला आणि बाहत्तरचा दुष्काळ येऊन ठेपला.

या वेळी अमेरिकेचे सवलतीचे धान्य नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात अध्यक्ष निक्सन यांनी भारताचे सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरचे साहाय्य रोखले होते, आणि पी. एल. ४८० खालची आयात १९७१ च्या अखेरीस बंद झाली होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन जुन्या रुपयांचा मोठा हिशेब मिटविला. म्हणून बाहत्तरची कसोटी खरी होती. सरकारने परदेशांतून रोख पैसे मोजून धान्य घेतले. १९७३ मध्ये सोव्हिएत रशियाकडून वीस लाख टन गहू उसनाही घ्यावा लागला. हरितक्रांतीने सगळे काही सुटले होते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण महाराष्ट्रात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. याचे मुख्य कारण धान्याच्या कोठारात सापडत नाही. ते कामाच्या हजेरीपटावर सापडते. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडणे, रस्ते, बंडिंग, नालाबंडिंग, पाझर तलाव. आमच्या त्याच आईच्या बोलण्यात 'बंडिंगवर जाणे' हा शब्दप्रयोग आजही येतो. मुकादमाने हजेरी मांडायची, माप घ्यायचे, आठवड्याला पैसे वाटायचे, आणि त्या पैशांतून रेशनची मिलो किंवा बाजारातली मिळेल ती ज्वारी आणायची. धान्य बाहेरून आले तरी ते विकत घेण्याचे बळ गरिबाच्या हातात असले पाहिजे, हे त्या व्यवस्थेचे सूत्र. ज्याँ द्रेझ यांनी पुढे दुष्काळ-निवारणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना महाराष्ट्राच्या या अनुभवाला महत्त्वाचे स्थान दिले, ते यामुळेच. हे काही सरकारच्या उदारपणाने आपोआप झाले नाही. कामे काढा म्हणून तालुक्या-तालुक्यांतून मोर्चे निघाले, विधिमंडळात गदारोळ झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिला महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

त्या हजेरीपटामागेही पूर्वतयारी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग १९६५ च्या सुमारासच सुरू केला होता. एकीकडे रोममध्ये गव्हाचा समझोता होत होता आणि दुसरीकडे विसापुरात कामाच्या हक्काची जुळवाजुळव चालली होती. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु आम्हांस सांगायचे आहे ते याहून लहान आणि रुक्ष आहे. काम मागेल त्याला द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा? परदेशी मदत नको, असे एकदा ठरले की हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्राने १९७५ साली त्याला उत्तर दिले. शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर आणि व्यापाऱ्यांवर एक नवा कर बसविला आणि तो रोजगार हमीसाठी म्हणून बसविला. तोच 'व्यवसाय कर'. आमच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये वजा झालेले दिसतात, ते त्या कायद्याने. वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही ती ओळ किती वेळा पाहिली असेल! ती बाहत्तरच्या दुष्काळातून आली आहे, हे आमच्या शिक्षककक्षात विचारले तेव्हा एकालाही ठाऊक नव्हते. आम्हांलाही या लेखाची तयारी करीपर्यंत नव्हते.

'जॉन्सनने गहू अडवला म्हणून आपण उभे राहिलो' ही गोष्ट ज्याला त्याला पाठ असते, आणि व्यवसाय कर कोणालाच आठवत नाही, याचा अर्थ काय लावावा? आमचा अर्थ असा की, स्वावलंबनाची शौर्यकथा आपण जपली आणि तिचे बिल विसरून गेलो. मदत तुटते तेव्हा तिचा भार नाहीसा होत नाही, तो देशातल्या देशात कोणाच्या तरी खांद्यावर येतो. तो भुकेल्याच्याच खांद्यावर राहू द्यायचा की पोट भरलेल्यांनी वाटून घ्यायचा, एवढाच खरा प्रश्न असतो. शास्त्रींनी सोमवारचा उपास सांगितला तेव्हा, नकळत का होईना, त्यांनी या प्रश्नाला हात घातला होता. ज्यांच्या घरी रोज दोन वेळ जेवण होते त्यांनाच एक वेळ सोडता येते. व्यवसाय कर ही त्या उपासाची कायद्यात बसविलेली आवृत्ती होती. त्या निधीतला पैसा पडून राहतो, अन्यत्र वळतो, अशा तक्रारी वेळोवेळी झाल्या, त्या नाकारण्याचे कारण नाही. आणि ज्या राज्यघटनेतील तरतुदीने या कराची वार्षिक कमाल मर्यादा अडीच हजार ठरविली, ती १९८८ नंतर बदललेली नाही. आमचे पगार कोठल्या कोठे गेले. आमचा उपास तेवढाच राहिला.

आता २०२५ कडे परत येऊ. या वेळची कपात १९६५ सारखी नाही. त्या वेळी दावे आखूड झाले, या वेळी ते एका सहीने कापले गेले. गव्हाचे जहाज महिनाभर उशिरा आले तर रेशन कमी करता येते, मिलो खाऊन दिवस काढता येतात. एचआयव्हीची औषधे रोज घ्यावी लागतात. त्यांत खंड पडला तर विषाणू पुन्हा बळावतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. तेथे 'हातपाय हलवायला' अवधीच नसतो. नायजेरियाच्या कायदेमंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोग्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात २० कोटी डॉलरची भर घातली. योग्यच केले. त्यांचा व्यवसाय कर तो असेल. पण ज्या देशात कर देऊ शकणारे मूठभर आहेत आणि रुग्ण अगणित, त्या देशाला आपल्या हरितक्रांतीची गोष्ट ऐकविणे हा शहाणपणा नव्हे. आपल्याजवळ स्वामिनाथन होते, पंतनगर होते, सुब्रमण्यम होते आणि मुख्य म्हणजे १९६६ साली बंदरात लागलेली जहाजे होती. यांपैकी एकही गोष्ट नसलेल्याला 'आमच्यासारखे उभे राहा' म्हणणे म्हणजे शिडी चढून गेल्यावर ती ओढून घेऊन खालच्याला उडी मारायला सांगणे होय.

आणि हे सगळे दूर आफ्रिकेतच घडले, असेही नाही. अमेरिकी साहाय्यावर हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे तृतीयपंथी व्यक्तींसाठी 'मित्र' नावाची दवाखाने-केंद्रे चालत. हैदराबादचे केंद्र २०२१ साली सुरू झाले होते. ते या प्रकारचे देशातले पहिले. जानेवारी २०२५ च्या स्थगितीने ही तिन्ही केंद्रे बंद पडली. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने नव्या नावाने पुन्हा उघडले. कल्याण आणि पुणे ही आमची गावे. तेथील केंद्रांच्या दारावर कुलूप लागले त्या आठवड्यात आमच्या शिक्षककक्षात "बरेच झाले" हे वाक्य बोलले जात होते. बोलणाऱ्यांना त्या केंद्रांची कल्पना नव्हती. आमच्यापैकी कोणालाही नव्हती. किती खर्च होता त्यांचा? मोठ्या देशाच्या, मोठ्या राज्याच्या हिशेबात तो दिसलाही नसता. २००३ साली भारताने लहान देणगीदार देशांना 'आता तुमची मदत नको' असे नम्रपणे कळविले, २०१८ मध्ये केरळच्या महापुरातही परदेशी सरकारांची मदत नाकारली. नाकारण्याचा अधिकार देशाला आहेच. मात्र नाकारलेली वा तोडली गेलेली प्रत्येक गोष्ट आपण स्वतः पुरवली पाहिजे, हे त्या अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य आहे. ते पार पाडले नाही, तर स्वाभिमान आपला आणि उपास दुसऱ्याचा, असा प्रकार होतो.

आईला आम्ही हा लेख वाचून दाखविला. हरितक्रांतीचा भाग तिने शांतपणे ऐकला. व्यवसाय कराशी आल्यावर तिने थांबविले आणि विचारले, "म्हणजे आमच्या बंडिंगचे पैसे शहरातले लोक देत होते?" त्र्याहत्तरच्या कामांना नाही, पण नंतरच्या कामांना, हो, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हाला कोणी सांगितले नाही कधी. आणि त्यांनाही कोणी सांगितलेले दिसत नाही."